मनगटावरून उतरलेले घड्याळ

इंदूरहून एका वाचक भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात माझ्या हाती आले. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बहुधा शिवणयंत्राचा दोरा वारंवार का तुटतो, पंख्याचा वेग मंदावला तर काय करावे, कुकरची शिटी वाजेनाशी झाली तर तो वापरावा की न वापरावा, असे प्रश्न असतात. या पत्रातील प्रश्नही वरवर पाहता त्याच जातीचा होता : चावीचे अथवा स्वयंचलित घड्याळ हातात न घालता ठेविले, तर ते किती वेळ चालावे? परंतु त्या एका ओळीच्या प्रश्नामागे चार पाने होती, आणि ती वाचल्यावर बाकीची पत्रे बाजूस सारून त्याच दिवशी उत्तर धाडावे असे मला वाटले.

हकीकत अशी. या भगिनीचे सासरे शाळेत गणिताचे शिक्षक होते. १९७४ साली विवाहप्रसंगी त्यांना सासुरवाडीकडून एक स्वयंचलित मनगटी घड्याळ मिळाले, आणि तेव्हापासून स्नानाची वेळ सोडली तर ते त्यांच्या मनगटावरून क्वचितच उतरले असेल. गेल्या श्रावणात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. रुग्णालयात घड्याळ काढून घरच्यांच्या स्वाधीन करण्यात आले. ते सूनबाईंच्या पिशवीत राहिले आणि दुसऱ्या रात्री केव्हातरी थांबले. तीन आठवड्यांनी सासरे घरी आले. वाचा अजून पुरती परतली नव्हती, तरी खुणेने त्यांनी पहिली वस्तू मागितली ती घड्याळ. वेळ लावून ते त्यांच्या मनगटावर बांधले, तर सायंकाळच्या आत पुन्हा बंद. जवळच्या एका दुकानात नेले, तेथे ते तत्काळ चालू झाले. दुकानदाराने दोन दिवस ठेवून घेतले, वेळ अचूक दाखविते असे सांगून परत दिले. घरी आणून हातावर बांधले, आणि दुसऱ्या दिवशी काटे पुन्हा थांबलेले. असे तीनदा झाले. शेवटी दुकानदार म्हणाला, आतले जुने यंत्र काढून टाकू आणि सेलवर चालणारे बसवू, म्हणजे कटकट मिटेल.

पण तोवर घरात निराळेच घडले होते. सासूबाईंनी घड्याळ काढून घेऊन देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेविले. "हे पडले, तेव्हाच तेही पडले. दुकानात चालते आणि यांच्या हातावर थांबते, याचा अर्थ काय तो मला कळतो," असे त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून घड्याळाचे नाव काढले तरी त्यांच्या डोळ्यांना पाणी येऊ लागले. इकडे सासरे दिवसातून कितीदा तरी उजव्या हाताने आपले रिकामे मनगट चाचपून पाहतात. मी काय करावे, असे सूनबाई विचारतात.

मी उलट टपाली दोनच गोष्टी विचारल्या. पक्षाघात कोणत्या बाजूस झाला आहे? आणि घड्याळ कोणत्या हातावर बांधले होते? दोहोंचे उत्तर एकच आले : डाव्या.

त्या कुटुंबास मी जे कळविले ते येथे थोडे विस्ताराने सांगतो. कारण न घातलेले घड्याळ किती वेळ चालते, हा प्रश्न आणखी पुष्कळ घरांत आहे, आणि त्याभोवती समजुतीही पुष्कळ आहेत.

प्रथम साध्या, हाताने चावी द्यावयाच्या घड्याळाचा विचार करू. अशा घड्याळाला आपल्या मनगटाशी काही देणेघेणे नसते. ते हातावर असो, उशीखाली असो की खुंटीला टांगलेले असो, एकदा पुरती चावी दिली की ते आपल्या ठरलेल्या वेळेपर्यंत चालते आणि थांबते. अंगाच्या उबेवर घड्याळ चालते, असे सांगणारी वडील माणसे मी पाहिली आहेत. ती समजूत खरी नव्हे. घड्याळाच्या पोटात एक चपटी, वाटोळी डबी असते आणि तिच्यात पोलादी कमान गुंडाळलेली असते. ही कमान म्हणजे कागदासारखी पातळ पट्टी. उलगडून सरळ केली तर फूटभर किंवा त्याहून थोडी अधिक भरेल. बाजूची चावी फिरविली की ती आतल्या आसाभोवती आवळत जाते, आणि मग स्वभावानुसार पुन्हा सैल होऊ पाहते. सैल होताना ती डबीला फिरविते, डबी दातेरी चक्रांना फिरविते, आणि चक्रे काट्यांना. डबीचा एक फेरा पुरा व्हावयास साधारणपणे सहा ते आठ तास लागतात, आणि पुरत्या आवळलेल्या कमानीत असे सहा-एक फेरे साठविलेले असतात. गुणाकार केला की उत्तर मिळते : ३६ ते ४८ तास. बहुतेक सर्व साध्या मनगटी घड्याळांचे आयुष्य, एका चावीपुरते, एवढेच असते.

येथे चौकस वाचक विचारील, आवळलेली कमान एकदम सुटून का जात नाही? सुटलीच असती. पहारेकरी नसता तर ती काही सेकंदांत मोकळी झाली असती आणि काटे गरगर फिरून थांबले असते. हा पहारेकरी म्हणजे मागेपुढे झोके घेणारे तोलचक्र आणि त्याच्याशी जोडलेली दोन पंजांची तरफ. तोलचक्राचा एक झोका झाला की तरफेचा एक पंजा उचलला जातो, शेवटच्या चक्राचा एक दात पुढे सरकतो, आणि लगेच दुसरा पंजा त्याला अडवितो. आपण जी टिकटिक ऐकतो, ती या अडविण्याची. जुन्या घड्याळांत ही टिकटिक सेकंदाला पाच वेळा, म्हणजे तासाला १८,००० वेळा होते. चाळीस तासांत ती होते सात लक्ष वीस हजार वेळा. एक फूटभर पट्टी एवढ्या लहान लहान घासांनी पुरवून खाल्ली जाते, हे मला आजही नवलाचे वाटते.

माझ्या वडिलांचे घड्याळ मजजवळ आहे. ते एच.एम.टी.चे 'जनता', हाताने चावी द्यावयाचे. वरील पत्र आल्यावर मी त्याच्यावर एक छोटासा प्रयोग केला. शनिवारी सकाळी सात वाजता चावी फिरेनाशी होईपर्यंत दिली आणि ते तबकडी वर करून टेबलावर ठेवून दिले. या प्रयोगाची सोय अशी की जागत बसावे लागत नाही, थांबलेले घड्याळ आपली थांबण्याची वेळ स्वतःच दाखविते. सोमवारी सकाळी पाहिले तो काटे बारा वाजून वीस मिनिटांवर होते. रविवारी रात्री दहा वाजता ते चालू असल्याचे पाहून मी निजलो होतो, तेव्हा हे मध्यरात्रीचेच बारा. एकूण ४१ तास २० मिनिटे. पुढील आठवड्यात तीच चावी देऊन घड्याळ हातावर वागविले. ते ४१ तास पुरे होण्याच्या थोडे आधी थांबले. हातावर असल्याने त्याला काही अधिक मिळाले नाही, उलट किंचित कमीच मिळाले. आडवे, निश्चल पडलेल्या घड्याळात तोलचक्राचा आस एका टोकावर उभा राहून फिरतो आणि घर्षण कमी होते. उभे किंवा हलते असले की थोडे वाढते. फरक आहे तो एवढाच.

मग रोज चावी कशासाठी द्यावयाची? ४१ तास चालते तर एक दिवसाआड दिली तर चालणार नाही काय? चालेल, पण घड्याळ नीट चालणार नाही. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने १६७८ साली कमानीचा नियम प्रसिद्ध केला : जितका ताण, तितका जोर. कमान भरलेली असताना तोलचक्राचे झोके मोठे असतात, ती सैल होत आली की लहान. झोका लहान असो वा मोठा, त्याला वेळ सारखाच लागावा अशी घड्याळकाराची खटपट असते, पण ती शंभर टक्के साधत नाही. म्हणून पहिल्या दिवशी अचूक असणारे घड्याळ दुसऱ्या दिवशी अखेरीस मागे किंवा पुढे जाऊ लागते. ज्यांच्या प्राणाशी ही गोष्ट निगडित होती त्या दर्यावर्दी लोकांनी तर याचा नियमच करून टाकला होता. जहाजावरचे क्रोनोमीटर, म्हणजे रेखांश काढण्याचे घड्याळ, एका चावीत ५६ तास चाले, तथापि त्याला चावी रोज आणि ठराविक वेळीच दिली जाई. घड्याळात चार सेकंदांची चूक झाली, तर विषुववृत्तावर जहाजाच्या स्थानात जवळजवळ दोन किलोमीटरांची चूक होते. आपल्याला कचेरीच नव्हे तर आगगाडीही चार सेकंदांनी चुकत नाही. तरीपण सकाळचा चहा झाला की चावी, ही आपल्या वडिलांची सवय पक्क्या पायावर उभी होती, एवढे खरे.

जास्त चावी दिल्याने कमान तुटते, ही भीतीही जाता जाता काढून टाकावयास हवी. चावी अडली की थांबावे, पुढे जबरदस्ती करू नये, बस्स. पूर्वीच्या साध्या पोलादाच्या कमानी तुटत, पण त्या बहुधा गंजाने वा थकव्याने. विसाव्या शतकाच्या मध्यापासून जे मिश्रधातू वापरात आले त्यांच्या कमानी सहसा तुटत नाहीत. भीतीपोटी निम्मीच चावी देणारी मंडळी मात्र घड्याळ मध्येच थांबते म्हणून दुरुस्तीला नेतात!

आता स्वयंचलित घड्याळाकडे वळू. कोडे तेथेच आहे.

आपोआप चावी भरणारे घड्याळ करण्याची कल्पना अठराव्या शतकातील आहे. तेव्हा खिशात बाळगावयाच्या घड्याळांत तसे प्रयत्न झाले. परंतु खिशातील घड्याळ हलणार किती? मनगटी घड्याळ रूढ झाल्यावर या कल्पनेला खरे क्षेत्र मिळाले. जॉन हारवुड नावाच्या इंग्रज घड्याळजीने त्याचे यंत्र सिद्ध केले आणि १९२४ मध्ये त्याला स्वित्झर्लंडमध्ये एकस्व मिळाले. त्याच्या घड्याळात एक वजन डावी-उजवीकडे आपटत असे आणि त्या धक्क्यांनी कमान भरे. ती पूर्ण भरली तरी घड्याळ बारा तासच चाले, म्हणजे रात्री उशिरापर्यंत निजणाऱ्याची पंचाईतच. १९३१ मध्ये रोलेक्सने पूर्ण गोल फिरणारे वजन बसविले आणि आज बहुतेक स्वयंचलित घड्याळांत तीच पद्धत आहे. घड्याळाच्या पाठीमागे अर्धचंद्राकृती, जड धातूचा एक तुकडा मध्यावर टांगलेला असतो. त्याला रोटर म्हणतात. हात हलला की त्याची जड बाजू खाली येऊ पाहते, तो फिरतो, आणि त्याच्या फिरण्याने कमान थोडी थोडी आवळली जाते. कमान भरल्यावरही रोटर फिरतच राहतो, म्हणून डबीत तिचे बाहेरचे टोक घसरू शकेल अशी सोय केलेली असते. त्यामुळे येथेही जास्त चावीने तुटण्याचे भय नाही.

सारांश, साध्या घड्याळाला बोटे चावी देतात, स्वयंचलिताला हात. मनगटावर असणे हे त्याला पुरेसे नाही, ते मनगट हलावे लागते. दिवसभर वावरणारा मनुष्य, पाणी भरणारी, पोळ्या लाटणारी गृहिणी, फळ्यावर लिहिणारा शिक्षक, यांच्या हातावर आठ-दहा तासांत कमान इतकी भरते की रात्रभर घड्याळ काढून ठेविले तरी काही बिघडत नाही. तेच घड्याळ दिवसभर मेजाशी बसून काम करणाऱ्याच्या हातावर कधी कधी अर्धपोटी राहते. शनिवारी कचेरीतून आल्यावर काढून ठेवावे आणि सोमवारी सकाळी पाहावे तो बंद, ही तक्रार मला अनेकांनी कळविली आहे. त्यात दोष कोणाचाच नाही. शनिवारी दुपारी दोनपासून सोमवारी सकाळी नऊपर्यंत ४३ तास होतात, आणि घड्याळ मुळात पूर्ण भरलेलेच नसते.

आणि जो हात हलतच नाही, त्याच्यावर बांधलेले स्वयंचलित घड्याळ टेबलावर ठेवल्यासारखेच असते. इंदूरच्या त्या घरात जे झाले ते एवढेच. दुकानात घड्याळ हाताळले गेले, हलविले गेले, कदाचित दुकानदाराने स्वतःच्या हातावर घालून पाहिले, म्हणून ते चालले. घरी परत येताना पिशवीत हेलकावले, म्हणून आणखी काही तास चालले. मग ते निश्चल हातावर बांधले गेले, साठविलेले संपले, आणि थांबले. दीर्घकाळ अंथरुणात असणाऱ्या, किंवा वार्धक्याने हालचाल मंदावलेल्या अनेकांच्या हातावर स्वयंचलित घड्याळे अशीच थांबतात. आयुष्यभर जे घड्याळ कधी थांबले नाही ते नेमके आजारपणात थांबावे, याने घरची माणसे हबकून जातात. सासूबाईंना जे दिसले ते खोटे नव्हते. नवऱ्याचा हात थांबला म्हणून घड्याळ थांबले, हे अक्षरशः खरे होते. त्यांनी त्याचा जो अर्थ लावला, तो मात्र घड्याळाला ठाऊक नाही.

सबब पहिला सल्ला मी हा दिला की आतले यंत्र कदापि काढू देऊ नये. दुकानात जे अचूक चालते ते बिघडलेले यंत्र नव्हे. शिवाय अशी यंत्रे आता पूर्वीसारखी सहज मिळत नाहीत. सरकारी मालकीच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना काढला. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि राणीबाग येथेही कारखाने झाले. 'जनता', 'पायलट', 'सोना' ही चावीची आणि 'कांचन', 'रजत' ही स्वयंचलित घड्याळे या देशातील लक्षावधी घरांत गेली. जावयाला द्यावयाचे घड्याळ म्हणून 'कांचन'साठी लोक किती काळ थांबत, हे त्या पिढीतील वाचकांना सांगावयास नको. क्वार्ट्झची घड्याळे आली आणि चित्र पालटले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी.चा घड्याळ-व्यवसाय बंद करण्यास मंजुरी दिली. तेव्हा घरात जे जुने यंत्र सुस्थितीत आहे ते फेकून देताना दहादा विचार करावा. सेलचे घड्याळ हातावर असो वा नसो, सेल संपेपर्यंत चालते ही त्याची सोय मला मान्यच आहे. मात्र तेही काढून ठेवून विसरू नये. संपलेला सेल आत तसाच राहिला तर पाझरतो आणि यंत्र खाऊन टाकतो.

दुसरा प्रश्न सूनबाईंनीच पुढे विचारला होता. घड्याळ असे वरचेवर थांबले तर त्याला इजा होते काय? मुळीच नाही. थांबलेल्या यंत्राची झीज होत नाही. रोज चालविलेच पाहिजे, असाही नियम नाही. अलीकडे श्रीमंत घरांत घड्याळ फिरते ठेवणाऱ्या विजेच्या पेट्या दिसतात. तारखेचे साधे घड्याळ असणाऱ्याला त्यांची गरज नाही. भय असते ते वंगणाचे. यंत्रातील तेलाचे थेंब टाचणीच्या टोकाहूनही लहान असतात, आणि ते घड्याळ चालो वा न चालो, वर्षांमागून वर्षे सरली की आटतात, चिकट होतात. म्हणून पाच-सहा वर्षांनी एकदा यंत्र उघडून, धुऊन, नवे तेल घालून घ्यावे. वीस-पंचवीस वर्षे पेटीत पडलेले आजोबांचे घड्याळ सापडले, तर त्याला उत्साहाने चावी देऊन रोज वापरू लागण्याचा मोह टाळावा. ते चालेलही, पण कोरड्या आसांवर चालेल. कोकणात किंवा किनाऱ्यावरील इतर प्रांतांत राहणाऱ्यांनी दमट हवेचीही धास्ती बाळगावी. काचेच्या आतून धुके दिसले की उशीर न करता घड्याळजीकडे जावे.

घड्याळाची प्रकृती घरच्या घरी पारखण्यास मी केलेलाच प्रयोग पुरेसा आहे. चावीचे घड्याळ पूर्ण भरून आडवे ठेवावे. ३६ तासांच्या पुढे गेले तर समाधान मानावे, तीस तासांच्या आत थांबू लागले तर तेल आटले आहे किंवा कमान थकली आहे असे समजावे. स्वयंचलित घड्याळ एक संपूर्ण कामाचा दिवस हातावर वागवावे आणि रात्री काढून ठेवताना वेळ टिपून घ्यावी. काही स्वयंचलित घड्याळांना चावीनेही भरता येते, काहींना येत नाही. चावी बाहेर न ओढता हळूच पुढे फिरविली असता बोटांना बारीक करकर आणि किंचित विरोध जाणवला, तर ती भरत आहे. नुसतीच मोकळी फिरली, तर घड्याळ आडवे धरून हलक्या हाताने गोल गोल हेलकावावे. खुळखुळ्यासारखे झटके देऊ नयेत.

थांबलेल्या घड्याळाची तारीख लावताना जपावे, हे मात्र मी स्वतः नुकसान सोसून शिकलो आहे. एकदा रात्री दहाच्या सुमारास घाईने तारखेचे आकडे पुढे ढकलू लागलो. त्या वेळी तारीख बदलणारे चक्र आपल्या कामास लागलेले असते, हे मला ठाऊक नव्हते. आत काहीतरी कट्ट झाले, आणि पुढे कित्येक महिने माझ्या घड्याळात रोजच सतरा तारीख असे. रात्री नऊपासून पहाटे तीनपर्यंतच्या वेळेवर काटे असताना तारखेला हात लावू नये. प्रथम काटे सहावर आणावेत, कालची तारीख लावावी, आणि मग काटे पुढे फिरवून आजची तारीख येऊ द्यावी. ती ज्या क्षणी बदलेल ती मध्यरात्र, म्हणजे दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यांचा घोटाळाही राहात नाही.

एका चावीत घड्याळ अधिक दिवस चालावे म्हणून माणसाने काय काय केले, याची थोडी मौज सांगतो. जर्मनीतील लांगे या घड्याळकारांनी २००७ मध्ये एका चावीत ३१ दिवस चालणारे मनगटी घड्याळ तयार केले. त्यात दोन कमानी आहेत आणि प्रत्येकीची लांबी १ मीटर ८५ सेंटिमीटर. साहजिकच ते सुमारे सोळा मिलिमीटर जाड झाले, आणि त्याला चावी देण्यासाठी जुन्या भिंतीवरच्या घड्याळासारखी वेगळी किल्ली लागते. जिनिव्हाच्या वाशरॉन कॉन्स्टँटिनने २०१९ मध्ये निराळाच मार्ग काढला. त्यांच्या एका घड्याळात दोन तोलचक्रे आहेत, एक चपळ, एक संथ. हातावर असताना चपळ चक्र सेकंदाला दहा टिकटिकी करते आणि कमान चार दिवस पुरते. घड्याळ काढून ठेवताना एक कळ दाबली की काम संथ चक्राकडे जाते. ते सेकंदाला अडीचहूनही कमी टिकटिकी करते, आणि मग तीच साठवण ६५ दिवस पुरते. आजारी माणसाने अंथरुणात स्वस्थ पडून शक्ती राखावी, तसाच हा प्रकार. या घड्याळांच्या किमती मात्र तुमच्या-माझ्या चर्चेचा विषय नव्हेत.

इंदूरच्या कुटुंबाला मी सुचविले ते बिनखर्चाचे होते. एक, घड्याळ डाव्याऐवजी उजव्या, हलत्या हातावर बांधावे. दोन, तेवढी हालचाल पुरत नसेल तर घरातील कोणीतरी दिवसाचे आठ-दहा तास ते आपल्या हातावर वागवावे आणि मग सासऱ्यांच्या हातावर द्यावे, रात्रभराची भरती त्यात खुशाल राहील. आणि तीन, हे सर्व सासूबाईंना सांगण्यापूर्वी त्यांच्या हाती घड्याळ देऊन, ते कानाशी धरून चार-दोन वेळा हेलकावण्यास सांगावे. आत रोटर फिरल्याची सूक्ष्म घरघर ऐकू येते. ती त्यांनी स्वतः ऐकावी.

दोन आठवड्यांपूर्वी दुसरे पत्र आले. उजव्या हातावर बांधून पाहिले, पण सासऱ्यांची हालचाल अजून थोडी, घड्याळ पहाटेपर्यंत टिकेना. तेव्हा आता ते सकाळी सासूबाईंच्या मनगटावर असते. पट्टा त्यांना सैल होतो, म्हणून त्यांनी त्याला आतून फडक्याची घडी लावून घेतली आहे. भाजी निवडताना, पोळ्या करताना, कपडे वाळत घालताना ते त्यांच्या हातावर असते. सायंकाळच्या बातम्यांच्या आधी त्या ते पुसून सासऱ्यांच्या उजव्या हातावर बांधतात, आणि सकाळी औषध देताना परत घेतात. गेले बारा दिवस ते एकदाही थांबलेले नाही.

पत्राच्या शेवटी सूनबाईंनी एक नवी शंका काढली आहे. पूर्वी अचूक असलेले हे घड्याळ आता दिवसाला दीड मिनिट पुढे जाते, तर ते दुरुस्तीला द्यावे काय? मी कळविले की पन्नास वर्षांच्या यंत्राला एवढे चालावयाचेच, शिवाय दोन निराळ्या हातांवर ते निराळ्या स्थितीत राहते. तूर्त ते उघडू नये. रविवारी सकाळी रेडिओच्या वेळेवरून काटे दहा मिनिटे मागे घ्यावेत. तेल घालण्याचे काम दिवाळीनंतर, सासरे घड्याळाविना दोन दिवस राहू शकतील तेव्हा, करून घ्यावे.